तीन दिवसांचं कुलूप

पुणे
३ एप्रिल २०२४

चारू,

कागदावर माझं अक्षर बघून दचकली असशील. चार दिवस तुझा फोन वाजतोय आन् मी उचलत नाही, म्हणून तू मला काय काय म्हणाली असशील ते मला इथं पुण्यात बसून ऐकू येतंय.

कारण ऐक. आमच्या कंपनीनं फर्मान काढलंय. आमच्या ‘ओसरी’ ॲपवर जे लोक गट चालवतात त्या गटप्रमुखांशी कुणी कर्मचाऱ्यानं फोनवर की मेसेजवर बोलायचं नाही. माझा फोनही कंपनीचाच. कागदाबद्दल मात्र कुणाला सुचलं नाही.

बातमी अशी की नवा नियम येतोय. आत्तापर्यंत ओसरी उघडली की सगळ्यात नवा निरोप सगळ्यात वर दिसायचा. आता ज्यावर लोक जास्त बोलतील, जास्त वेळ रेंगाळतील ते वर, बाकीचं खाली. मधेमधे जाहिराती. लोणच्या-पापडाच्या गटांना याचा काही फरक पडायचा नाही. तुझ्या ‘पाणी आलं का’ गटाला पडेल. टँकरची बातमी दोन तासांत शिळी होते, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. साहेब म्हणाले, “श्रेया, तुमचं मराठवाड्याचं तुम्ही फार मनाला लावून घेता.” सगळे हसले. मीही हसले. राग मला घरी आल्यावर आला.

तू लगेच कंबर कसून उठू नकोस. आतून काही करता येतंय का बघते.

आई बरी आहे. कृष्णा आहेच तिच्याजवळ गंगापूरच्या वस्तीवर, भावाचा तेवढा आधार. संक्रांतीला तू तिला फोटो टाकायला शिकवून गेलीस तेव्हापासून तिच्या लेखी ओसरी म्हणजे चारुताच. सकाळी उठून हंड्याचा फोटो काढते, हिरवं बटण दाबते आन् म्हणते, “पाठवला चारुताकडं.”

हे पत्र वाचून फाडून टाक. नाही फाडणार, माहीत आहे मला.

तुझी
श्रेया


देवळाई, छत्रपती संभाजीनगर
९ एप्रिल २०२४, पाडवा

श्रेयाबाई,

पोस्टमननं हातात पाकीट दिलं तेव्हा मला वाटलं महापालिकेची नोटीस. तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग! अकरावीत तुझ्या वह्या मीच वाचू शकायचे, आठवतंय ना?

तुझ्या पत्राआधी तुमचा नियमच येऊन पोचला बरं का. परवा आमच्या सोसायटीच्या बायका भर उन्हात रस्त्यावर हंडे मांडून उभ्या. का? तर ओसरीवर सगळ्यात वर ‘टँकर निघाला’ दिसत होतं. तो टँकर आदल्या दिवशीचा! त्या बातमीखाली दोन बाप्यांचं भांडण जुंपलं होतं, म्हणून ती वर चढून बसलेली. आणि त्याखाली जाहिरात कशाची? बाटलीतल्या पाण्याची. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

तू गेल्या वर्षी आलीस तेव्हा आमच्या मागं मोकळं रान होतं. आता तिथं सात मजली तीन इमारती उभ्या आहेत. लिफ्ट आहे, बाग आहे, बागेत प्लास्टिकचं गवत आहे, नळ आहेत. नळाला पाणी तेवढं नाही. जुन्या शहरात आठ दिवसांनी का होईना नळ येतो, आम्ही सगळे टँकरवर. गंगापूरकडच्या वस्त्यांचं तर तुला मी काय सांगू! तिकडचा टँकरवाला सर्जेराव गटावर फोटो बघूनच कुठल्या वस्तीकडं वळायचं ते ठरवतो. उपडा हंडा म्हणजे पाणी नाही, भरलेला म्हणजे आलं. न वाचणाऱ्या बायकांसाठी मीच काढलेली युक्ती, आणि तुमच्या त्या वर-खाली करण्यानं सगळी मातीत गेली.

आणि तुमची ती सूचना! खाली सही ‘आपलीच, ओसरी’. वर लाडीगोडी: “बदल सुरुवातीला अवघड वाटतो, पण हळूहळू सवय होईल.” हौ का? ही कोण बया बसवलीय तिथं? हिनं जन्मात कधी हंडा उचललाय का? मी त्या ओळीचं चित्र करून खाली लिहिलं, “तहानेचीही सवय होईल!” आणि दिलं सोडून सगळ्या गटांत. लोकांनी डोक्यावर घेतलंय. बैलबाजारवाले, स्पर्धा परीक्षावाली पोरं, पैठणीच्या विणकरांचा गट, सगळे आमच्या बाजूनं.

आता आमचा बेत ऐक. गटप्रमुखाला गटाला कुलूप लावता येतं. कुलूप असताना लोकांनी पाठवलेलं ‘थांबलेलं’ नावाच्या कप्प्यात पडून राहतं, ते फक्त गटप्रमुखाला दिसतं. सगळ्या गटांनी मिळून तीन दिवस कुलूप लावायचं. आणि गटप्रमुखांनी तीन दिवस ओसरी उघडायचीही नाही, अशी शपथ. माझ्याबरोबरचे गटप्रमुख काकासाहेब, एसटीतून निवृत्त झालेले, ते म्हणाले, “ताई, चक्का जाम म्हणजे चक्का जाम. एक गाडी सोडली की संप बोंबलला.” पटलं मला.

गुढी उभारली. गुढीचा तांब्या धुवायला पाणी घेताना हात आखडला, एवढं मात्र खरं.

तुझी
चारू


पुणे
१५ एप्रिल २०२४

चारुता,

ती बया मी.

ती सूचना मी लिहिली. आठ ओळी लिहिल्या होत्या. त्यात “पाणी, दवाखाना, रस्ता अशा गटांना हा नियम लागू नाही” अशी एक ओळ होती. ती साहेबांनी कापली आणि सवयीची ओळ माझ्याकडून लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी तुझं चित्र आमच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर दाखवलं. माझी एक सहकारी म्हणाली, “कुणी केलंय, मस्तच आहे.” मी म्हटलं, हो ना.

हंडा उचललाय का विचारतेस. तू, चारू? दोन वर्षं मी तुमच्या घरी राहून शिकले. रोज सकाळी आई गंगापूरच्या एसटीत कंडक्टरच्या हाती डबा द्यायची आन् आपण दोघी स्टँडवर जाऊन तो घ्यायचो. पहिल्या आठवड्यात एकीचा डबा आला. मग तिला कळलं की तू माझ्यातलंच खातेस, तेव्हापासून दोन आले. त्या डब्यासाठी पहाटे विहिरीवरून पाणी कोण आणायचं? आई. आन् शनिवार-रविवारी घरी गेले की घरचं सगळं पाणी मी. माझ्या कमरेवर अजून घट्टा आहे.

राग आला म्हणून लिहिलं. आता राग सोडून सांगते. कुलूप लावू नकोस. बाकीच्यांनी लावू दे, पापडवाल्यांनी महिनाभर लावू दे. पाण्याचा गट उघडा ठेव. वस्त्यांवरच्या माणसांना दुसरं काय आहे? कुणाच्या घरी कोण आहे न् कोण नाय, हे सगळंच तुला ठाऊक असतं असं नाही.

एवढं माझं ऐक. कारण विचारू नकोस.

श्रेया


देवळाई
२० एप्रिल २०२४

श्रेया,

पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते चित्र मी काढून टाकलं, पण आता ते दुसऱ्यांनी इतकं फिरवलंय की माझ्या काढण्यानं काय होतंय! तू होतीस हे मला माहीत असतं तर हात धजावला नसता. माफ कर.

पण तुझं दुसरं म्हणणं मला मानता येत नाही. कारण विचारू नकोस म्हणतेस, म्हणजे तुझ्या साहेबांनीच हे लिहायला लावलंय, हो ना? तुझी नोकरी धोक्यात यावी असं मला वाटत नाही. पण गटात मतं घेतली, सगळे हो म्हणाले. आमचाच गट सगळ्यात मोठा. आम्हीच कच खाल्ली तर बाकीचे उद्या हात झटकतील. सोमवारी पहाटेपासून बुधवारी रात्रीपर्यंत कुलूप.

वस्त्यांची काळजी मलाही आहे गं. मोठ्या अक्षरांत सूचना लावलीय: तीन दिवस गट बंद, पाणी भरून ठेवा, अडचण आली तर सर्जेरावला फोन करा, खाली त्याचा नंबर. घराघरांत वाचणारं कुणीतरी असतंच. काकूंना कृष्णा वाचून दाखवेल.

आठवडाभर थांब. जिंकलो की मी स्वतः पुण्याला येते, तुझ्या साहेबांच्या टेबलावर पेढे ठेवते.

चारू


देवळाई
२५ एप्रिल २०२४, सकाळ

श्रेया,

फोन उचल. नोकरी गेली खड्ड्यात. हे पत्र तुला मिळेपर्यंत चार दिवस जातील, मला माहीत आहे. पण सकाळपासून तुझा फोन, काकूंचा फोन, कृष्णाचा फोन, कुणीच उचलत नाही आणि मला हातांना काहीतरी करायला हवंय.

काल रात्री कुलूप काढलं. तीन दिवस शपथ पाळली मी, माझ्या आईच्या निर्जळीपेक्षा कडक. क्रांती चौकातल्या क्लासात पोरांना गणित शिकवताना दहादा हात फोनकडं गेला, दहादा मागं घेतला आणि स्वतःवर खूश झाले. काल रात्री सगळीकडून अभिनंदन. कंपनी बोलणी करायला तयार झाली म्हणे. काकासाहेबांचा तर आवाज बसला बोलून बोलून.

आज उठून ‘थांबलेलं’ उघडलं. बाकी कुणाचंच काही नव्हतं, सगळ्यांनी वाचलं होतं ना. फक्त काकूंचे तीन फोटो.

सोमवारी: ओट्यावर उपडा हंडा. मंगळवारी: तोच हंडा, तसाच उपडा, शेजारी कळशीही उपडी. बुधवारी: फोटोत हंडा नाहीच. नुसता वस्तीचा रस्ता, लांबपर्यंत मोकळा, आणि कोपऱ्यात काकूंचा अंगठा.

सर्जेरावला फोन केला. तो म्हणतो, “गटावर काय दिसलं नाय म्हणून मी वळलो नाय ताई. कृष्णा तर कवाच वाळूजला गेलाय, मला वाटलं म्हातारीला बी घेऊन गेला.” म्हणजे काय श्रेया? कृष्णा वाळूजला कधी गेला? काकू एकट्या होत्या का?

मी आत्ता एसटीनं गंगापूरला निघते.

चारू


संभाजीनगर
२८ एप्रिल २०२४

चारुता,

तुझ्याच शहरातून लिहितेय. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही. तू येशील आन् मला ते आत्ता सोसायचं नाही.

तू वस्तीवर गेली होतीस म्हणे. तिथं शेळ्यावाल्या लक्ष्मीबाईनं तुला सांगितलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक. आई तीन दिवस वाट बघत राहिली. पहिल्या दिवशी माठातलं प्याली. दुसऱ्या दिवशी म्हशीला पाजलं आन् स्वतः घोटाघोटानं घेतलं. बुधवारी हंडा घेऊन शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर गेली. तळाला होतं थोडं. पायऱ्यांवरून उतरताना पाय सटकला. लक्ष्मीबाई शेळ्या घेऊन आली तोवर उन्हं कलली होती. आई तिथंच पडून होती. खुब्याचं हाड मोडलंय. काल ऑपरेशन झालं.

मी विचारलं, अगं कृष्णाला फोन करायचा, सर्जेरावला करायचा. तर म्हणते, “फोटू टाकलाच व्हता की. आता पुन्यांदा फोन करून कुणाच्या डोक्याला ताप द्यायचा? चारुता बघंल म्हणलं.”

चारू, तिला वाचता येत नाही. तुझी ती मोठ्या अक्षरांची सूचना तिनं बघितली असेल, नुसतीच नक्षी म्हणून बोटानं बाजूला सारली असेल.

आता माझं. कृष्णा फेब्रुवारीत बायको-पोरांना घेऊन वाळूजला गेला, कंपनीत लागला. त्याचं तरी काय चुकलं, रानात काय राहिलंय? आई म्हैस सोडून यायला तयार नाही, आन् मला सुट्टी नाही. पुण्यात मी लोकांना सांगते की भाऊ आईजवळ असतो. तुलाही तेच लिहिलं. लाज वाटली गं. दोन लेकरं असून आई एकटी, हे तुझ्याजवळ कबूल करायची लाज. “कारण विचारू नकोस” असं लिहिलं तेव्हा पेन हातात होतं, एक ओळ लिहायची होती. लिहिली नाही.

तू ऐकलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. कुणाचं जास्त हे मोजायला मला आत्ता ताकद नाही.

येऊ नकोस.

श्रेया


देवळाई
३१ मे २०२४

श्रेया,

महिनाभर थांबले. तू येऊ नकोस म्हणालीस, तरी दवाखाने पालथे घातले, ते तुला सांगते. एका ठिकाणी नाव सापडलं तर कळलं, तू आदल्याच दिवशी काकूंना गाडीत घालून पुण्याला घेऊन गेलीस. मी त्या खाटेजवळ जाऊन उभी राहिले. दुसरंच कुणी झोपलं होतं. नर्स म्हणाली, कोण पाहिजे? मी म्हटलं, कुणी नाही.

वस्तीवर दोनदा जाऊन आले. घराला कुलूप आहे, म्हैस लक्ष्मीबाईच्या दावणीला आहे. हंडा विहिरीच्या पायरीवरच पडला होता, पोचा आलेला. लक्ष्मीबाईनं तो माझ्याकडं दिला. माझ्या स्वयंपाकघरात ठेवलाय, वापरत नाही.

आम्ही जिंकलो, तुला माहीतच असेल. “आपल्या आग्रहास्तव” नवे निरोप पुन्हा वर दिसायला लागले, पाण्याच्या गटांतून जाहिराती गेल्या. काकासाहेबांनी क्रांती चौकात पेढे वाटले. मी एक घेतला, तो तोंडात नुसता फिरत राहिला. मला सारखं वाटतं, हे भांडण खोटं नव्हतं. अजूनही वाटतं. पण भांडणाच्या भरात मी सगळ्यांना लिहून कळवलं आणि जिला लिहिलेलं कळत नाही तिला एक फोन करायचं मला सुचलं नाही. मी फोटो काढायला शिकवलं म्हणून जिनं मला गूळ-शेंगदाणे दिले, तिला. सांगायला पाच मिनिटं लागली असती गं. अभिमान होता मला तीन दिवस फोन न उघडल्याचा. त्या अभिमानाचा आता मला वीट आलाय.

दोन वर्षं काकूंचा डबा खाल्ला मी. रस्ता बंद असला, एसटी नसली तरी दूधवाल्याच्या गाडीनं का होईना, डबा यायचा.

एकच मागते. काकूंना अजून वाटत असेल की माझा फोन बिघडला होता, किंवा तसंच काही. त्यांना खरं सांग. सांगायला ये म्हणालीस तर आत्ता येते. नको म्हणालीस तर तू सांग. पण त्यांनी मला चांगलं समजत राहावं, हे मला सोसत नाही.

चारू


पुणे
१५ जून २०२४

चारू,

सांगितलं.

बरेच दिवस टाळत होते. काल दुपारी आई पलंगावर बसून लसूण सोलत होती. वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते आता. पायऱ्या काही जमायच्या नाहीत, डॉक्टर म्हणाले. वस्तीवर एकटीनं राहणं संपलं. तिला ते कळलंय, पण म्हशीचं नाव काढलं की तोंड फिरवून बसते.

मी सगळं सांगितलं. आमचा नियम, तुमचं कुलूप, तुझी शपथ, माझं खोटं, काही राखलं नाही. ऐकून घेतलं तिनं. मग विचारलं, “तुमचं भांडान खरं व्हतं का?” मी म्हटलं, व्हय. पाण्याचंच व्हतं. “मंग भांडायचंच की,” म्हणाली. दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाली, “पर आदल्या दिशी मला सांगायचं नाय का गं? मी हंडा, कळशी, पातेली, समदं भरून ठिवलं असतं. मी बी केलं असतं की तीन दिवस बंद.”

आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. मी बाथरूमचा नळ मोठा सोडून रडले.

तुला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. मला केलं का, तेही नाही. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे मात्र लिहायला हवं. राग असता तर बरं झालं असतं असं वाटतं मला.

आणि तुला रोज सकाळी तिचे फोटो येत असतील. मी बंद करायला सांगितलं. म्हटलं, आई, इथं सातव्या मजल्यावर चोवीस तास नळ आहे, तुझा टँकर इथं कुठं येणार? तर म्हणते, “टँकरसाठी नाय. पाणी मिळालं का नाय म्हणून चारुताच्या जिवाला घोर नको.”

मी कंपनी सोडलेली नाही. सोडणार होते, पण आता दवाखाना आहे आन् आई आहे. फर्मान मागं घेतलंय, फोनवर बोलता येतं. अजून आठ-पंधरा दिवस मात्र पत्रच लिही. तुझा आवाज ऐकायची माझी तयारी झालेली नाही.

श्रेया


देवळाई
२१ जून २०२४

श्रेया,

फोटो येतात. रोज सकाळी पहिला काकूंचाच असतो, कारण आता नवं ते वर. तुझ्या चकचकीत ओट्यावर स्टीलचं पातेलं, काठोकाठ भरलेलं, आणि कोपऱ्यात अंगठा. गटातल्या नव्या बायका विचारतात, हे कोण, कुठल्या वस्तीवरचं? मी सांगते, आपल्याच. त्यांचे फोटो कुणी थांबवायचे नाहीत.

माफी पुन्हा मागत नाही. ती मागून मागून माझंच समाधान करून घेतल्यासारखं होतं. म्हैस बरी आहे, रविवारी जाऊन बघून आले. लक्ष्मीबाई म्हणाली, दावणीला रुळलीय. काकूंना सांग. त्यांना ते ऐकून वाईट वाटेल की बरं, मला कळत नाही, पण सांग.

दुसरं एक काम आहे. पुढच्या रविवारी, तीस तारखेला, गटाची साफसफाई करायचीय म्हणून सकाळी दोन तास कुलूप लावावं लागणार आहे. बाकीच्यांसाठी सूचना लावलीय.

काकूंना शनिवारीच सांग.

चारू